गच्ची आणि भिंत हिरवी करताना: आधी वजन, मग पाणी, झाडं सगळ्यात शेवटी

माझ्याकडून सगळं उलट्या क्रमाने झालं. आधी रोपं आली, मग कुंड्या, मग मातीची पोती, आणि शेवटी स्ट्रक्चरल इंजिनिअर. त्यांनी पोत्यांच्या ढिगाकडे बघून एकच विचारलं, "हे सगळं भिजल्यावर किती किलो?" मला उत्तर देता आलं नाही. पुढचे दोन महिने रोपं जिन्यात उभी होती आणि येणारा-जाणारा त्यांना ओलांडून जात होता.

त्यानंतर एक गच्ची आणि दोन भिंती हातून झाल्या. त्यातली एक भिंत मेली, तिचंही सांगतो. हिरव्या छतांचे आणि भिंतींचे फोटो हवे तेवढे बघायला मिळतात, पण फोटोत दिसतात ती झाडं. झाडांखाली काय घातलंय ते कुणी दाखवत नाही, आणि खर्च, गळती, भांडणं हे सगळं तिथेच असतं. म्हणून हा लेख बराचसा झाडांखालच्या गोष्टींबद्दल आहे.

१. नेमकं काय हवंय ते ठरवा

हिरव्या छताचे ढोबळमानाने दोन प्रकार. पातळ छतात साधारण ६ ते १५ सेंमी जाडीचं माध्यम, म्हणजे झाडं ज्यात रुजतात ते मिश्रण, असतं (त्याला माती का म्हणत नाही ते पुढे येईल) आणि त्यावर जमिनीलगत पसरणारी, कमी पाण्यावर तगणारी झाडं. भिजल्यावर त्याचं वजन दर चौरस मीटरला ८० ते १५० किलोंच्या आसपास जातं. जाड छत म्हणजे खरीखुरी बाग: २० सेंमीच्या वर माध्यम, झुडपं, पायवाट, बाक. तिथे ३०० किलो सहज ओलांडले जातात आणि मोठी झाडं घेतली तर त्याच्याही कितीतरी वर.

इमारत नवी असेल आणि नकाशे अजून कागदावरच असतील, तर जाड छताचा विचार करा. उभ्या इमारतीवर नव्याने करत असाल, तर उत्तर बहुतेक वेळा पातळ छत हेच येतं. कधी कधी 'काहीच नको' असंही येतं, तेही ऐकून घ्यायची तयारी ठेवा.

भिंतीचेही दोन प्रकार. एकात वेल जमिनीत किंवा मोठ्या हौद्यात लावायची आणि तारांवरून वर चढवायची. दुसऱ्यात झाडं भिंतीवरच राहतात, कप्प्यांत किंवा फेल्टच्या (नमद्यासारख्या जाड कापडाच्या) खिशांत, आणि त्यांना पाणी-खत नळीतून द्यावं लागतं. पहिल्या प्रकारात भिंत भरायला दोन-तीन वर्षं लागतात. दुसरी भिंत पहिल्याच दिवशी भरलेली दिसते आणि त्या दिवसापासून तुम्ही पंपाचे नोकर होता. माझं मत विचाराल तर बाहेरच्या भिंतीवर पहिला प्रयोग वेलींचाच करा.

२. स्लॅबला किती झेपतं ते काढा

ही पायरी वगळून पुढची एकही करू नका.

हिशेब सोपा आहे. समजा गच्ची ६ मीटर बाय ५ मीटर, म्हणजे ३० चौरस मीटर. त्यावर १० सेंमी जाडीचा थर म्हणजे ३ घनमीटर. हलकं माध्यम पूर्ण भिजल्यावर घनमीटरला साधारण १,००० ते १,४०० किलो भरतं. १,२०० धरले तर एकूण ३,६०० किलो, म्हणजे चौरस मीटरला १२० किलो. त्याच जागी बागेतली साधी माती घातली तर भिजल्यावर घनमीटरला १,८०० ते २,००० किलो. म्हणजे चौरस मीटरला जवळजवळ २०० किलो. एवढ्याने भागत नाही. खालच्या ड्रेनेज थरात साठलेलं पाणी, वाढलेली झाडं, खडी, बाक आणि वर चढणारी माणसं हे सगळं त्यात मिळवायचं.

इथे एक फसगत होते. माणसांच्या वावरासाठी बांधलेल्या अनेक गच्च्यांवर दर चौरस मीटरला १५० ते २०० किलोंच्या घरातला भार धरलेला असतो. तो आकडा ऐकून वाटतं, चला, आपले १२० बसले. पण तो भार येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांसाठी आहे. बाग रात्रंदिवस तिथेच बसून राहते आणि माणसं तिच्यावर येतात. नुसतं दुरुस्तीपुरतं चढण्यासाठी बांधलेल्या छतावर तर याहून बराच कमी भार धरतात.

दुसरी फसगत जुन्या थरांची. गेल्या कित्येक वर्षांत गळती थांबवण्यासाठी कुणी कोबा केला, कुणी त्यावर फरशी बसवली, कुणी आणखी एक थर ओढला. मूळ नकाशात यातलं काहीही नसतं. २०१६ मध्ये हाँगकाँगमधल्या एका विद्यापीठाच्या क्रीडासंकुलाचं हिरवं छत कोसळलं. चौकशीत पुढे आलेली कारणं अशी: ठरल्यापेक्षा जाड कोबा, त्यावर सगळीकडे केलेली लागवड, आणि साचलेलं पाणी. एकटं कुठलंच कारण पुरेसं नव्हतं, तिघं मिळून पुरली. म्हणून इंजिनिअरला एक-दोन ठिकाणी छोटं भोक पाडून थरांची खरी जाडी मोजू द्या. भोक बुजवता येतं.

तिसरी फसगत कामाच्या दिवसांतली. पोती वर चढवली की मजूर ती सोयीने एकाच कोपऱ्यात रचतात. पसरल्यावर जे १२० किलो होणार असतात ते ढिगाखाली हजाराच्या वर जातात. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये लात्वियाची राजधानी रिगा इथे एका सुपरमार्केटचं छत कोसळून ५४ जण गेले. मूळ दोष इमारतीच्या रचनेतच होता, पण त्या दिवशी त्या छतावर बाग तयार करण्याचं काम चालू होतं. पोती येतील तशी पसरत जा. ढीग करावाच लागला तर कुठे करायचा ते इंजिनिअरकडून खडूने आखून घ्या. बहुतेक वेळा तो खांबांच्या आणि तुळयांच्या डोक्यावर असतो.

आणि एक घरगुती चाचणी, जी मला आधी कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. एक लिटरच्या डब्याला खालून भोकं पाडा आणि तुमचं माध्यम त्यात गच्च न दाबता भरा. एक दिवस पाण्यात बुडवून ठेवा, मग दोन तास निथळू द्या आणि रिकाम्या डब्याचं वजन वजा करून माध्यमाचं वजन करा. आलेल्या किलोंना १० ने गुणलं की एक सेंमी जाडीच्या थराचं दर चौरस मीटरचं वजन मिळतं. डब्यात १.२ किलो आलं तर सेंमीमागे १२ किलो. विक्रेता पोत्यावरचं कोरडं वजन दाखवतो, त्याचा आपल्याला काही उपयोग नाही.

३. कागदपत्रं जमवा

हे काम कंटाळवाणं आहे, पण थोडक्यात आटोपतं. लागणारी कागदं:

- इमारतीचे स्ट्रक्चरल नकाशे. नसतील तर प्रत्यक्ष मोजणी करून केलेला अहवाल
- स्ट्रक्चरल इंजिनिअरचं सही-शिक्क्याचं पत्र, त्यात 'भिजलेलं वजन दर चौरस मीटरला इतकं' असा आकडा हवाच
- इमारत सामायिक मालकीची असेल तर इतर मालकांची लेखी संमती (गच्ची कुणाची आणि बाहेरची भिंत कुणाची, हे दोन वेगळे प्रश्न आहेत)
- स्थानिक प्राधिकरणाची परवानगी, किंवा परवानगी लागत नाही असं त्यांनी दिलेलं लेखी उत्तर
- इमारतीचा विमा असेल तर विमा कंपनीला कळवल्याची पोच
- वॉटरप्रूफिंगची हमी आणि पाण्याच्या चाचणीचा तारीखवार अहवाल, फोटोंसह

काही शहरांत हिरवं छत सक्तीचं असतं, काही ठिकाणी त्यावर सवलत मिळते. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलने नव्या सपाट छतांवर हिरवाई बंधनकारक केली, कॅनडातल्या टोरोंटोने २००९ मध्ये मोठ्या नव्या इमारतींसाठी तसा नियम केला. तुमच्या शहरात काय आहे ते काम सुरू करण्याआधी विचारा. बऱ्याच सवलती झालेल्या कामाला मिळत नाहीत.

यादीतल्या शेवटच्या, वॉटरप्रूफिंगच्या कागदाबद्दल दोन शब्द. पुढे कधी गळती झाली की वॉटरप्रूफिंगवाला म्हणतो, माळ्याच्या फावड्याने फाडलं. माळी म्हणतो, मुळातच गळत होतं. दोघंही तुमच्याकडे बघतात. शक्य असेल तर दोन्ही कामांची जबाबदारी एकाच कंत्राटदाराकडे द्या. नाहीतर चाचणी झाल्यावर छत ताब्यात दिल्या-घेतल्याच्या कागदावर दोघांच्या सह्या घ्या. गळती सापडली तर वरची बाग उचलून परत घालण्याचा खर्च कुणाचा, हेही त्यातच लिहा. त्या ओळीवरून माझ्याकडे अर्धा तास वाद झाला, आणि तो आधीच झाला हे बरं झालं.

४. पाणी अडवा, मग ते बाहेर जातंय का बघा

वॉटरप्रूफिंगला दोन कामं करायची असतात: पाणी अडवणं आणि मुळं अडवणं. साधं डांबरी आवरण पहिलं काम करतं, दुसऱ्यात हरतं. मुळं त्यात शिरतात आणि हळूहळू पार होतात. म्हणून आवरण मुळांना दाद न देणारं प्रमाणित असायला हवं, किंवा त्यावर एचडीपीईसारख्या प्लॅस्टिकचं वेगळं मूळरोधक आवरण टाकायचं. जोड नुसते एकमेकांवर ठेवून भागत नाही, ते वितळवून सांधावे लागतात. मुळांना सांध शोधायला माणसांपेक्षा जास्त वेळ असतो.

स्लॅब आणि कठडा जिथे मिळतात तिथे काटकोन ठेवू नका, सिमेंटची गोलाई करून घ्या. काटकोनात वाकवलेलं आवरण आधी तिथेच फाटतं. आवरण कठड्यावर चढवताना उंची मोजायची ती स्लॅबपासून नव्हे, तयार झालेल्या बागेच्या पृष्ठभागापासून, आणि त्याच्या वर किमान १५ सेंमी. दाराच्या उंबऱ्यापाशी सगळे इथेच फसतात. थर चढत जातात आणि उंबरा बुडतो.

कठड्याची उंचीही तितकीच कमी होते हे लक्षात ठेवा. पायाखालची जमीन १८ सेंमी वर आली की कमरेपेक्षा उंच असलेला कठडा कमरेखाली येतो. लहान मुलांचा वावर असेल तर रेलिंग याच टप्प्यावर लावा. आवरण झाल्यावर रेलिंगसाठी भोकं पाडणारा माणूस मी पाहिला आहे.

आता ढाळ. सपाट छतही पूर्ण सपाट नको. मीटरमागे दोन सेंमी ढाळ असेल तर पाणी आपोआप निघतं. पाणी बाहेर जाण्याच्या किमान दोन वाटा ठेवा. एक नेहमीची, आणि दुसरी कठड्यात थोडी वर, जी एरवी कोरडी राहते. पहिली तुंबली की दुसरीतून धार लागते आणि खाली उभ्या माणसाला दिसतं की वर काहीतरी बिघडलंय. ती वाट नसेल तर १० सेंमी पाणी साचतं, आणि तेवढ्याने चौरस मीटरला आणखी १०० किलो वाढतात. इंजिनिअरने दिलेला आकडा तिथेच निकालात निघतो.

चाचणी अशी करा. पाणी जाण्याच्या वाटा बंद करून छतावर ५ सेंमीपर्यंत पाणी भरा (आधी इंजिनिअरला विचारून, कारण हेही ५० किलो झाले). कठड्यावर खडूने पातळी आखा आणि ४८ तास थांबा. शेजारी एक पाण्याची बादली ठेवून तिच्यावरही खूण करा. बादलीतलं जितकं उडून गेलं तितकंच छतावरचंही गेलं असेल तर ठीक. छतावरचं जास्त उतरलं तर ते कुठेतरी गेलंय. खालच्या खोल्यांची छतं दिवसातून दोनदा बघा आणि फोटो काढा. इतकं होईपर्यंत वर एक पोतंही चढवू देऊ नका.

५. थर घाला

सामान आणि हत्यारं: भोकांचे प्लॅस्टिक ड्रेनेज बोर्ड किंवा ड्रेन सेल, जिओटेक्स्टाइल (पाणी पार जाऊ देणारं कृत्रिम कापड), गोल खडी, माध्यम, ड्रेनवर बसवायचे तपासणीचे डबे झाकणांसह, कापायला हूक ब्लेडची सुरी, दाताळं, मोजपट्टी, आणि सपाट तळव्याचे बूट. फावडं आणा, पण लाकडी किंवा प्लॅस्टिकचं. टोकदार पहार या छतावर येता कामा नये.

खालून वर क्रम असा:

आधी आवरणाला जपणारा जाडसर जिओटेक्स्टाइलचा थर. त्यावर ड्रेनेज बोर्ड. त्याच्या वाट्यांमध्ये थोडं पाणी साठतं आणि जास्तीचं खालून वाहतं. त्यावर गाळणीचं पातळ कापड, ज्यातून पाणी उतरेल पण बारीक कण उतरणार नाहीत. कापडाचे तुकडे एकमेकांवर १५ ते २० सेंमी चढवा आणि कडेला माध्यमाच्या उंचीपर्यंत वर वळवा. कडेला वळवायला विसरलात तर माध्यम बाजूने निसटून ड्रेनेजमध्ये जातं, आणि ते दोन पावसाळ्यांनंतर कळतं. त्यावर माध्यम.

कठड्यालगत आणि प्रत्येक ड्रेनभोवती ३० ते ५० सेंमीचा खडीचा पट्टा सोडा. दिसायला ती वाया गेलेली जागा वाटते, पण तिची कामं तीन. पाणी लवकर निघतं. वारा कडेला आणि कोपऱ्यांत सगळ्यात जोरात उचलतो, तिथे हलक्या माध्यमाऐवजी जड खडी असते. आणि वाळलेलं गवत पेटलं तर आग कडेशी थांबते. ड्रेनवर तपासणीचा डबा बसवा, झाकण उघडून हात घालता आला पाहिजे. ड्रेन झाडांखाली गाडणं म्हणजे विहीर बुजवून पाणी शोधत बसणं.

छताचा उतार २० अंशांच्या पुढे असेल तर हे सगळं घसरतं. आडव्या पट्ट्या, जाळ्या वगैरे वेगळी रचना लागते. ते नवख्याने अंगावर घेऊ नये.

६. माध्यम: मातीला माती म्हणू नका

बागेतली माती तीन कारणांनी नको. जड आहे, तिचे बारीक कण गाळणीचं कापड बंद करतात, आणि तिच्यात तणाचं बी ठासून भरलेलं असतं.

पातळ छतासाठी आकारमानाने सुमारे ८० टक्के हलकी, सच्छिद्र खनिजं घ्या: प्युमिस, ज्वालामुखी खडकाचे तुकडे, भाजून फुगवलेल्या मातीच्या गोळ्या, भाजलेल्या विटांचा चाळलेला चुरा, यांतलं जे मिळेल ते. उरलेलं १० ते २० टक्के चांगलं कुजलेलं कंपोस्ट. लोकांना हे प्रमाण फारच कंजूष वाटतं. "एवढ्या खताने काय होणार?" असं म्हणून ते दुप्पट घालतात. पहिल्या वर्षी झाडं तरारून वर येतात, दुसऱ्या वर्षी कंपोस्ट कुजून थर खाली बसतो, मुळं उघडी पडतात, आणि वाहून जाणाऱ्या पाण्याचा रंग चहासारखा होतो. नुसतं कोकोपीटही (नारळाच्या काथ्याचा भुसा) नको. हलकं म्हणून मोह होतो, पण ते पूर्ण सुकलं की पाणी लवकर धरत नाही आणि वाऱ्याने उडतं.

जर्मनीतल्या एफएलएल या संस्थेची हिरव्या छतांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं जगभर प्रमाण मानली जातात. २०१८ ची आवृत्ती इंग्रजीतही आहे. कंत्राटदार "आमचं मिश्रण स्पेशल आहे" म्हणाला, तर ते या तत्त्वांनुसार तपासलंय का आणि भिजल्यावरची घनता किती, एवढे दोनच प्रश्न विचारा. उत्तर देणारा माणूस आणि विषय बदलणारा माणूस लगेच वेगळे ओळखू येतात.

माध्यम पसरल्यावर पाण्याने बसतं. मागवताना १५ ते २० टक्के जास्त धरा.

७. आता झाडं

इंटरनेटवर बघाल तिथे सेडम दिसेल. जाड पानांची, जमिनीलगत पसरणारी ही झाडं दिवसा पानांची छिद्रं मिटून ठेवतात आणि रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात, त्यामुळे पाणी फार कमी उडतं. थंड आणि समशीतोष्ण हवेत त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. पण रात्रीही उकडत असेल आणि महिनोन्‌महिने पाऊस पडत असेल, तर त्यातली बरीच सडतात. फोटोंवर भाळून मी पहिल्या खेपेला सगळी सेडमच लावली होती. पावसाळा संपला तेव्हा निम्मी काळी पडली होती.

निवडीची एक सोपी युक्ती आहे: तुमच्या आसपास जुन्या भिंतींच्या फटींत, कातळावर, खडकाळ उतारांवर आपणहून काय उगवतं ते बघा. तिथेही मातीचा थर पातळ, ऊन तिखट आणि वारा मोकळा असतो. ती झाडं तुमच्या छतावर जगण्याची शक्यता सगळ्यात जास्त. उष्ण भागांत पोर्तुलाका, म्हणजे ज्याला कुणी चिनी गुलाब म्हणतं आणि कुणी ऑफिस टाइम, आणि रिओ ही दोन्ही कमी जाडीत तग धरतात. एकच जात सगळीकडे लावू नका. आठ-दहा जाती मिसळून लावा, दोन वर्षांत छत स्वतःच ठरवतं कुणाला ठेवायचं.

लागवड पावसाच्या सुरुवातीला किंवा थंडी ओसरल्यावर करा, भर उन्हाळ्यात नाही. कमी पाण्याची झाडं असली तरी मुळं धरेपर्यंत, म्हणजे पहिले दोन-तीन महिने, पाणी द्यावंच लागतं. "हे तर वाळवंटी झाड" म्हणून पहिल्याच आठवड्यात पाणी बंद केल्याने जितकी रोपं गेली असतील, तितकी दुष्काळाने गेली नसतील.

८. भिंत

भिंतीवर झाडं वाढवायची कल्पना अलीकडची वाटते, पण इलिनॉय विद्यापीठातले लँडस्केप आर्किटेक्चरचे प्राध्यापक स्टॅनली हार्ट व्हाइट यांनी अशा रचनेचं पेटंट १९३८ मध्येच घेतलं होतं. ती जगभर पोहोचवली फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ पात्रिक ब्लां यांनी. पॅरिसमधल्या २००६ साली उघडलेल्या के ब्रान्ली संग्रहालयाची भिंत त्यांचीच. त्यांची रचना नीट बघितली तर सगळा विषय समजतो: धातूचा सांगाडा, त्यावर १० मिलीमीटर जाडीचा पीव्हीसीचा पत्रा, त्यावर फेल्ट. मातीच नाही. मुळं फेल्टमध्ये पसरतात आणि खत मिसळलेलं पाणी वरून झिरपत खाली येतं. सगळं मिळून वजन चौरस मीटरला ३० किलोंच्या आत राहतं. कप्प्यांत माध्यम भरलेल्या भिंती याहून बऱ्याच जड असतात; ५० ते १०० किलो धरून चाला.

सांगाडा भिंतीपासून किमान ५ सेंमी सुटा ठेवा. मागे हवा खेळली नाही तर भिंतीला ओल लागते आणि ती आत खोलीत बुरशी होऊन दिसते. भार कशावर येतोय ते बघा. हलक्या, पोकळ ब्लॉकच्या भिंतीत साधे अँकर धरत नाहीत, तिथे सांगाडा तुळई-खांबांवर किंवा थेट जमिनीवर टेकवा. खिळे, स्क्रू, क्लिपा स्टेनलेस स्टीलच्या घ्या. सतत ओल आणि खतातले क्षार यांच्यापुढे साधं लोखंड फार दिवस टिकत नाही.

पाण्याची आखणी हेच भिंतीचं खरं काम. उन्हाच्या भिंतीला दिवसाला चौरस मीटरमागे २ ते ५ लिटर लागतात, कडक उन्हात आणखी. एकदम भरपूर पाणी दिलं तर ते सरळ खाली वाहून जातं, म्हणून दिवसातून तीन-चार वेळा, काही मिनिटंच. ड्रिपच्या आडव्या नळ्या दर मीटर-दीड मीटर उंचीवर वेगळ्या टाका. वर एकच नळी टाकून सगळी भिंत भिजेल असं समजू नका. वरचं वाळतं आणि खालचं कुजतं. ड्रिपर, म्हणजे नळीवरची ठिबकणारी तोंडं, सगळीकडे सारखं पाणी सोडणारे, म्हणजे दाब सांभाळणारे घ्या. नळीच्या तोंडाशी फिल्टर हवाच, आणि खताचं पाणी पिण्याच्या लाइनीत उलटं शिरू नये म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. पाण्याचा पीएच (आम्लतेचं माप) ५.५ ते ६.५ च्या दरम्यान राहिला तर खत नीट लागू पडतं. खाली पन्हळ बसवून उरलेलं पाणी टाकीत परत घेता येतं.

माझी मेलेली भिंत इथे चुकली. फिल्टर होता, पण तो तीन महिन्यांत एकदाही उघडला गेला नाही. खताचे क्षार साठून वरच्या ओळीतले ड्रिपर एकेक करून बंद झाले. मी चार दिवस बाहेरगावी होतो, उन्हाळा होता. परत आलो तेव्हा वरच्या दोन ओळींचा पाचोळा झाला होता आणि सगळ्यात खालचे नेचे मात्र पाण्यात उभे राहून कुजत होते. पंप इमानेइतबारे चालू होता. तेव्हापासून मी नळीवर पाण्याचा मीटर लावला आहे. रोजचा आकडा एकदम घटला तर काहीतरी तुंबलंय, एकदम वाढला तर कुठेतरी फुटलंय.

झाडं लावतानाही पाणी डोळ्यांसमोर ठेवा. वर ऊन-वारा सोसणारी, मध्ये मनीप्लांट, सिंगोनियम, स्पायडर प्लांट अशी मध्यम पाण्याची, तळाशी नेचे. चौरस मीटरला साधारण २५ ते ३० रोपं लागतात. दहावा भाग जास्तीची रोपं कुठेतरी कुंड्यांत वाढवत ठेवा, कारण भिंतीत एक झाड गेलं की पडलेल्या दातासारखं लांबून दिसतं. भिंत घराच्या आत असेल तर उजेड मोजा. डोळ्याला उजळ वाटणारी जागा झाडाला अंधारी असू शकते. सावलीतल्या झाडांनाही दिवसाचे दहा-बारा तास हजार लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास उजेड लागतो. फोनवरच्या लक्स मीटरने अंदाज येतो, आणि कमी भरला तर दिवे आधी लावा, रोपं मग आणा.

वेलींची भिंत यापुढे अगदीच साधी आहे. फक्त वेल कशी चढते ते ओळखा. फायकस प्युमिलासारखी वेल भिंतीलाच चिकटते आणि काढताना रंग-गिलावा घेऊन निघते, म्हणून भेगाळलेल्या भिंतीवर ती नको. गोकर्ण आधाराला वळसे घालते, तिला उभ्या तारा पुरतात. कृष्णकमळ तणाव्यांनी, म्हणजे गुंडाळत जाणाऱ्या बारीक धाग्यांनी, आधार धरतं, त्याला जाळी लागते. तारा भिंतीपासून १० ते १५ सेंमी पुढे ताणा. आणि वेलीचा शेंडा खिडकीच्या फटीत किंवा पावसाच्या पाइपात शिरण्याआधी कापा.

९. पहिली दोन वर्षं

बागेला खरं लक्ष याच काळात लागतं. पावसाआधी एकदा, पाऊस चालू असताना दर पंधरा दिवसांनी, आणि पाऊस संपल्यावर एकदा ड्रेनचे डबे उघडून हाताने साफ करा. माझ्या छतावर पहिल्या मोठ्या पावसात पाणी तुंबलं ते एका प्लॅस्टिकच्या पिशवीमुळे. ती वाऱ्याने उडून आली होती, बागेचा काही दोष नव्हता. कठड्यातल्या दुसऱ्या वाटेतून धार लागली म्हणून खालून कळलं.

तण महिन्यातून एकदा उपटा. गवत एकवेळ राहू द्या, पण पिंपळ, वड, उंबर यांचं रोप बोटभर असतानाच मुळासकट काढा. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी येतंच. ते रोप वीतभर झालं की त्याचं मूळ खडीच्या पट्ट्यातून सांध शोधत निघालेलं असतं, आणि वरून कापून टाकलं तरी ते थांबत नाही.

भिंतीचा फिल्टर दर आठवड्याला धुवा, ड्रिपर महिन्यातून एकदा एकेक बघा. छतावर खत वर्षातून एकदा, तेही हळूहळू सुटणारं आणि थोडंच. जास्तीचं पावसाबरोबर गटारात जातं. कडेशी काम करायला कुणालाही चढवताना पट्टा आणि दोर अडकवायला हूक असू द्या. तो हूक वॉटरप्रूफिंगच्या आधीच बसवलेला असेल तर उत्तम.

सगळ्यात शेवटी एक नकाशा काढा: ड्रेन कुठे, जोड कुठे, नळ्या कुठून गेल्यात, व्हॉल्व्ह कुठला कशाचा, चौरस मीटरला मंजूर किलो किती. प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून तो पंपाच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवा. माझ्या नकाशावर वर लाल पेनाने लिहिलंय: नवी कुंडी आणण्याआधी हा आकडा वाचणे.